पीएचडीचं वेळापत्रक झाडाला विचारून ठरवा

वनस्पती जीवशास्त्रात पीएचडी सुरू करणारा कुणीही आराखडा दाखवायला आला, की मी आधी एकच विचारते: तुझं झाड बी ते बी किती वेळ घेतं? अरेबिडॉप्सिस, म्हणजे प्रयोगशाळांत सर्रास वापरलं जाणारं एक छोटं रोप, साधारण 2 महिन्यांत पिढी पूर्ण करतं, भात 3 ते 5 महिने घेतो, आणि सफरचंदासारख्या झाडाला पहिलं फूल यायलाच काही वर्षं लागतात. हातात असलेली वर्षं महिन्यांत मोजू नका, पिढ्यांत मोजा.

उदाहरण घ्या. अरेबिडॉप्सिसची फुलं ॲग्रोबॅक्टेरियम या वनस्पतीत जनुक पोहोचवणाऱ्या जिवाणूच्या द्रावणात बुडवून जनुक घालण्याची सोपी पद्धत 1998 मध्ये प्रसिद्ध झाली. बुडवणं काही सेकंदांचं काम. पण त्यातून मिळतं ते टी-1, म्हणजे पहिल्या पिढीचं, बी. ते अँटिबायोटिकवर निवडायचं (घातलेलं जनुक असलेलीच रोपं त्यावर जगतात), रोपं वाढवायची, टी-2 मध्ये जगलेली आणि मेलेली रोपं 3:1 येतात का ते मोजायचं, मग टी-3 मध्ये जिची सगळीच रोपं जगतात ती लाइन (एकाच झाडाची वंशावळ) होमोझायगस, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती सारख्या असलेली, म्हणून ठेवायची. सात-आठ महिने सहज जातात आणि तेही सगळं सुरळीत झालं तर. म्हणून हे काम पहिल्या वर्षीच लावा.

म्युटंट, म्हणजे एखादं जनुक बिघडलेलं झाड, मागवतानाही हाच हिशेब. एकाच म्युटंटवर उभा केलेला दावा परीक्षक मान्य करत नाहीत. दोन स्वतंत्र अलील, म्हणजे त्याच जनुकाची दोन वेगळी बिघडलेली रूपं, हवेत, किंवा मूळ जनुक परत घालून झाड पूर्ववत होतं हे दाखवायला हवं. दोन्ही अलील स्टॉक सेंटरमधून (संशोधकांना बी पुरवणाऱ्या केंद्रातून) एकाच वेळी मागवा. तिसऱ्या वर्षी पेपर परत आल्यावर दुसरा अलील शोधणं फार जिवावर येतं, हे मी जवळून पाहिलंय.

बियांच्या पाकिटावर जीनोटाइप (झाडात जनुकाची कोणती रूपं आहेत ते), पिढी, मातृझाडाचा क्रमांक, तारीख आणि वहीचं पान लिहा. पेन्सिलीने लिहिलेलं टिकतं, शाई अल्कोहोलने पुसली जाते.

रोपं वाढत असताना रिकामं बसू नका. आर आणि पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषा शिका, कोणती जनुकं किती चालू आहेत ते सांगणाऱ्या सार्वजनिक आरएनए-सीक्वेन्सिंग डेटावर छोटा प्रश्न सोडवा. रोपं वाढवायचा ग्रोथ चेंबर बंद पडला तरी हे काम थांबत नाही, आणि पोस्टडॉकच्या, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या जागेच्या, मुलाखतीत त्याचं वजन पडतं.

पोस्टडॉकसाठी थीसिस संपण्याच्या वर्षभर आधी लॅबना लिहायला लागा. लॅबचं नाव पाहण्यापेक्षा तिथून बाहेर पडलेले लोक आज काय करतात ते शोधा, आणि त्यांच्यापैकी दोघांशी तरी बोला. काही फेलोशिपच्या अटी आधीच वाचा: एम्बो या युरोपीय जीवशास्त्र संस्थेच्या पोस्टडॉक फेलोशिपसाठी देश बदलावा लागतो, ह्यूमन फ्रंटियर या आंतरराष्ट्रीय निधी कार्यक्रमाच्या फेलोशिपसाठी संशोधनाची दिशा बदलावी लागते. म्हणजे पीएचडीचंच काम पुढे ओढायचा विचार असेल, तर ह्यूमन फ्रंटियरचं दार तुमच्यासाठी नाही.

आणि एक गोष्ट बहुतेक जण शेवटच्या आठवड्यावर टाकतात. स्वतःची लॅब उभी करताना कोणत्या लाइन्स तुमच्या आणि कोणत्या गाईडच्या, हे थीसिस सादर करण्याआधी समोरासमोर बसून ठरवा आणि ईमेलवर नोंदवून घ्या. बी दुसऱ्या संस्थेत न्यायला हस्तांतरण करार लागतो, सीमेपलीकडे बहुधा वनस्पती आरोग्य प्रमाणपत्रही. सह्यांना महिने लागू शकतात. पेपरमधल्या लाइन्स स्टॉक सेंटरला देऊन टाका, मग तुम्ही कुठेही असलात तरी त्या तुम्हाला आणि इतरांनाही मागवता येतील.