रोमन नाणं ओळखायचं कसं, आणि ‘रेअर’ म्हणजे खरंच किती रेअर
रोमन नाण्यांच्या ऑनलाइन लिस्टिंग चाळून बघा, जिथे तिथे ‘एक्स्ट्रीमली रेअर’, आणि फोटो उघडावा तर चौथ्या शतकातल्या रोमन सम्राट कॉन्स्टंटाईनच्या घराण्याचं तेच ते नखाएवढं तांब्याचं नाणं, मागे दोन सैनिक आणि त्यांच्या मध्ये ध्वज. नवख्या माणसाच्या हातात बहुतेक वेळा हेच पडतं, म्हणून सगळं याच एका नाण्यावर सांगतो.

साफ करायला डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ ब्रश, बास. चिंच, लिंबू, पितांबरी अजिबात नाही, ती काय देवघरातली समई आहे का घासायला? वरचा थर निघाला की अक्षरंही त्याच्यासोबत जातात.

वजन करा, मोजा. साधारण दीड ते अडीच ग्रॅम, १५ ते १८ मिमी. कडेला गोल फिरणारी शिवण किंवा अंगावर बारीक बुडबुडे दिसले तर ते ओतलेलं आहे, म्हणजे नकली, कारण खरी नाणी ठसा ठोकून पाडायचे.

मागची बाजू सोपी. दोन ध्वज असतील तर साधारण ३३० ते ३३५, एकच असेल तर ३३५ च्या पुढचं.

आता खरी डोकेदुखी, पुढची बाजू. चेहऱ्यावरून राजा ओळखा म्हणून सांगणाऱ्यांचं कृपया ऐकू नका, टांकसाळीने सगळ्या पोरांना एकच चेहरा दिलाय. वाचायची ती अक्षरं. मी सगळ्यात जास्त इथेच अडकायचो. कॉन्स्टॅन्टियस (दुसरा) हा कॉन्स्टंटाईनचा मुलगा, त्याची नाणी ढिगाने मिळतात. डेल्मेटियस पुतण्या, ३३५ ला सीझर (म्हणजे दुय्यम सम्राट) झाला आणि ३३७ ला मारला गेला, म्हणून त्याची नाणी कमी आणि भाव चढा. पण दोघांच्याही नाण्यावर सुरुवात ‘एफएल आयव्हीएल’ अशीच असू शकते आणि शेवट ‘टीआयव्हीएस एनओबी सी’ असाच, आणि झिजलेल्या नाण्यावर नेमका मधलाच भाग गेलेला असतो! अशा वेळी शेवटच्या टी च्या आधीचं अक्षर शोधायचं, एन असेल तर कॉन्स्टॅन्टियस, ए असेल तर डेल्मेटियस. उजेड समोरून नको, टॉर्च आडवा धरा आणि नाणं हळूहळू फिरवा, सावलीत अक्षराचा पाय दिसतो. ए ची मधली आडवी रेघ बऱ्याचदा नसतेच, त्यामुळे ती शोधत बसू नका. आणि तरीही नक्की दिसलं नाही तर ते कॉन्स्टॅन्टियसच धरायचं, मनात डेल्मेटियस ठेवून बघितलं की कुठलाही ओरखडा ए दिसायला लागतो, विक्रेत्यांना तर हमखास दिसतो.

मग मागच्या बाजूला तळाशी टांकसाळीची खूण. इथे एक खोच आहे, ‘सीओएनएस’ दिसलं की लोक लगेच कॉन्स्टँटिनोपल लिहून मोकळे होतात, पण फ्रान्समधल्या आर्ल शहराचंही त्या काळात कॉन्स्टंटिना असं नामकरण झालेलं, त्यामुळे तिथल्या खुणेतही तीच अक्षरं येतात. फरक टांकसाळीतल्या कारखान्याच्या अक्षराचा. पी किंवा एस असं लॅटिन अक्षर सुरुवातीला आणि शेवटी टी, तर आर्ल. शेवटी ग्रीक अक्षर असेल तर कॉन्स्टँटिनोपल. दोन्ही टोकं नाण्याबाहेर गेली असतील तर ‘सांगता येत नाही’ असं लिहा, त्यात कमीपणा काही नाही.

एवढं झालं की ऑक्रे या फुकट साइटवर टाका, आरआयसी (रोमन इम्पिरियल कॉइनेज, म्हणजे रोमन नाण्यांची अनेक खंडांची यादी) नंबर मिळेल. छापील आरआयसीत दुर्मिळतेची खूण असते, सी म्हणजे कॉमन, पुढे आर१ ते आर५. ‘आरआयसी आर५’ वाचून खिशात हात घालू नका. या काळाचा सातवा खंड १९६६ चा, आणि त्यातला आर५ म्हणजे तेव्हा तपासलेल्या संग्रहांमध्ये एकच नग सापडला, जगात एकच असं नव्हे. नंतर मेटल डिटेक्टर आले. ब्रिटनमध्ये २०१० साली फ्रोमला एकाच मडक्यात ५२,५०३ नाणी निघाली, त्यात एकट्या कराउसियस या ब्रिटनमधल्या बंडखोर सम्राटाची ७०० च्या वर, आणि त्याच्या नाण्यांची यादी असलेला आरआयसीचा खंड १९३३ चा! शिवाय आर५ कशाचा ते बघा. राजाच दुर्मिळ असेल तर पैसे मोजणारे असतात. नुसता खुणेतला एक ठिपका वेगळा म्हणून आर५ असेल तर तो ठिपका गोळा करणारी चार डोकी सोडून कोणाला पडलेली नसते. उलट ब्रूटसचं ज्युलियस सीझरच्या खुनावरचं चांदीचं नाणं, शंभराच्या आसपास माहीत आहेत, तरी भाव आभाळात, कारण ते सगळ्यांनाच हवंय. तेव्हा जुन्या लिलावांचे निकाल काढा, तीच राजा-छाप-टांकसाळ वर्षभरात किती वेळा विकायला आली ते मोजा, माझ्या मते दुसरा भरवशाचा मार्ग नाही.

भारतातल्यांसाठी, ऑगस्टस आणि टायबेरियसची चांदीची नाणी कोइम्बतूर भागात खरोखर सापडली आहेत, त्यामुळे ‘शेतात मिळालं’ म्हणून कोणी दाखवलं तर अशक्य नाही. पण जमिनीत सापडलेल्या धनाची खबर १८७८ च्या ट्रेझर ट्रोव्ह कायद्याने कलेक्टरला द्यावी लागते, आणि शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्यानुसार खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, कुरियरवाला घेतो म्हणाला तरी.