कोर्लईचं दीपगृह आणि किल्ला नीट बघायचा असेल तर

बरेच लोक मुरूड-काशिदला जाताना वाटेत कोर्लईला गाडी थांबवतात, दीपगृहासमोर चार फोटो काढतात आणि निघतात. मी पण पहिल्यांदा तसंच केलं होतं, ते सुद्धा भर दुपारी एक वाजता. नंतर तीनदा गेलो तेव्हा कळलं की या जागेला निदान अर्धा दिवस द्यायला पाहिजे, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मुंबईहून जाणार असाल तर सगळ्यात सोपं म्हणजे गेटवे ते मांडवा लाँच, पुढे अलिबागपर्यंत बस (साधारण २० किमी), आणि अलिबाग एसटी स्टँडवरून मुरूडची गाडी पकडायची, ती नागाव, चौल, रेवदंडा करत कुंडलिका खाडीवरचा पूल ओलांडते आणि कोर्लईला सोडते. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बघा. स्वतःची गाडी असेल तर पेण-वडखळवरून अलिबाग, किंवा रोह्याहून चणेरामार्गे साळाव. पूल ओलांडून साळावला आलात की उजवीकडे वळायचं, डावीकडचा रस्ता रोह्याला जातो.

गावातून दीपगृहाकडे जाणारा रस्ता अरुंद आहे, दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकाला मागे घ्यावीच लागते, त्यामुळे मोठी गाडी असेल तर गावाबाहेरच लावून चालत जा, अर्धा तास लागतो फार तर. आणि चालण्यातच मजा आहे. बांबूच्या वलांडीवर बोंबील सुकत घातलेले असतात, जोडीजोडीने तोंडात तोंड अडकवून लटकवलेले, खाली जवळा पसरलेला, एखादी मावशी शेजारी बसून कावळे हाकत असते. फोटो काढायच्या आधी तिला विचारा प्लीज, ते त्यांचं कामाचं अंगण आहे.

याच गावात पोर्तुगीजमधून तयार झालेली एक बोली अजून घरात बोलली जाते, बोलणारे तिला नोलिंग म्हणतात, म्हणजे 'आपली भाषा'. हजारेक लोक बोलत असतील. पोर्तुगीज १७४० मध्ये चौल सोडून गेले आणि भाषा मात्र इथेच राहिली, पोर्तुगीज, मराठी दोन्ही मिसळून. मला तरी किल्ल्याइतकंच हे मोठं वाटतं.

आता दीपगृह. ते किल्ल्याच्या डोंगराच्या पायथ्याशी समुद्राच्या बाजूला आहे, एकदम छोटं, दिसायला साधं. आत सोडायची वेळ ठरलेली असते पण ती बदलते, म्हणून पोचल्यावर आधी गेटवर विचारायचं की कधी सोडणार आणि मग त्याप्रमाणे किल्ला आधी की नंतर ते ठरवायचं. तिकिटाला सुट्टे पैसे ठेवा. आतल्या यंत्राला आणि भिंगाला हात लावू नका, आणि कर्मचाऱ्यांना वेळ असेल तर बत्ती कशी चालते ते विचारा, विचारलं की मनापासून सांगतात. प्रत्येक दीपगृहाची लुकलुकण्याची पद्धत वेगळी असते, त्यावरूनच खलाशाला अंधारात कळतं की आपण कुठल्या किनाऱ्यासमोर आहोत. अजून एक गोष्ट, दीपगृहांमध्ये दिवसा भिंगाभोवती पडदे ओढून ठेवतात, कारण जे भिंग दिव्याचा प्रकाश लांब फेकतं तेच उलट्या बाजूने ऊन एका जागी गोळा करतं आणि आतलं सामान जाळू शकतं.

दीपगृहाच्या मागूनच किल्ल्याच्या पायऱ्या सुरू होतात. चढ अंगावर येणारा आहे पण पंधरा-वीस मिनिटांत वर पोचता. पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ असतं, तेव्हा लहान मुलं किंवा आजी-आजोबा बरोबर असतील तर वर जाऊच नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. पाणी खालूनच घ्या, वर काही मिळत नाही.

हा डोंगर म्हणजे समुद्रात घुसलेली लांब सोंड आहे, त्यामुळे किल्ला लांबच लांब आणि अगदी अरुंद, एका तटावरून दुसरा तट दिसतो. १५९४ मध्ये निजामशाहीकडून पोर्तुगीजांनी घेतला, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी सुभानराव माणकरांना याच्यावर पाठवलं होतं. एकामागे एक दरवाजे लागतात, छप्पर उडालेलं चर्च आहे, पोर्तुगीज अक्षरं कोरलेले दगड आहेत, पाण्याचं टाकं आणि जवळच महादेवाचं छोटं देऊळ. चर्चमध्ये घाई करू नका, दुपार उतरली की वरून ऊन तिरकं आत येतं आणि भिंतीचं कोरीवकाम तेव्हाच नीट उठून दिसतं. उत्तर टोकाला उभं राहिलं की एका हाताला अरबी समुद्र, दुसऱ्या हाताला खाडी, समोर रेवदंडा. सूर्यास्त वरून बघायचा मोह होईल पण अंधारात त्या पायऱ्या उतरणं धोक्याचं आहे, सूर्य टेकायच्या अर्धा तास आधीच निघा.

समुद्रात पाय बुडवायचे असतील तर भरती आधी बघा. कोकणातला जुना हिशोब सोपा आहे, त्या दिवसाची तिथी घ्या आणि तिची पाऊणपट करा, ती भरतीची अंदाजे वेळ. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, मग बाराच्या आसपास ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला पाणी जास्त चढतं, तेव्हा खडकांवर बसायला जाऊ नका.

मुक्काम रेवदंड्याला करा, जेवण आधी सांगून ठेवलं तर घरगुती खानावळीत ताजं मिळतं. जेवण झालं की रात्री किनाऱ्यावर या, दक्षिणेला डोंगराचा काळा आकार दिसेल आणि त्याच्या पायाशी ती बत्ती. दोन उजेडांमध्ये किती सेकंद जातात ते मोजा.