सेबीची कारणे दाखवा नोटीस आल्यावर: बचावाची बांधणी

नोटीस मिळाल्याची तारीख आधी पक्की करा. लिफाफा किंवा ई-मेलची नोंद जपा. त्याच दिवशी अशिलाला लेखी कळवा की फोन, लॅपटॉप, व्हॉट्सॲपमधले काहीही पुसायचे नाही. आपण पुसलेला संदेश समोरच्याच्या फोनवर सापडला, तर साध्या गप्पांनाही कटाचा वास येतो.

मग नोटिशीतली सेबी कायद्याची कलमे बघा. कलम ११ बी असेल तर बाजारबंदी आणि नफा परत करण्याचे आदेश संभवतात, शिवाय दंडही. फसव्या व्यवहारांसाठी १५ एचएखाली किमान दंड ५ लाख रुपये. कमाल २५ कोटी किंवा नफ्याच्या तिप्पट, यांतली मोठी रक्कम. इनसायडर ट्रेडिंगच्या (कंपनीच्या आतल्या, जाहीर न झालेल्या माहितीवर शेअर्सचे व्यवहार) १५ जीमध्ये किमान रक्कम १० लाख आहे, कमाल तीच.

कागदपत्रांची तपासणी लगेच मागा. टी. टाकानो प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली स्पष्ट केले की तपास अहवालातला संबंधित भाग नोटीसधारकाला द्यावा लागतो. तिऱ्हाइतांची गोपनीय माहिती तेवढी झाकता येते. त्यामुळे 'सगळे द्या' असे मोघम न लिहिता नोटिशीचा परिच्छेद आणि त्यामागे हवा असलेला कागद, अशी यादी द्या.

इथेच हमखास चूक होते. उत्तराची मुदत तपासणीच्या कारणाने वाढवून मिळू शकते, सेटलमेंटच्या (रक्कम भरून सेबीशी तडजोड) अर्जाची नाही. ती नोटीस बजावल्यापासून ६० दिवस. पुरवणी नोटीस आली तर मोजणी तिच्यापासून. पण तिच्या आशेवर बसू नका. तपासणीच्या पत्रव्यवहारात दोन महिने सहज जातात. अर्ज केल्याने सुनावणी थांबत नाही, फक्त अंतिम आदेश अर्जाच्या निकालापर्यंत राखून ठेवला जातो. आरोप मान्य किंवा अमान्य न करताही सेटलमेंट होते, हे अशिलाला आधीच समजावा. बरेच जण 'कबुली' समजून बिचकतात.

उत्तराचा कणा म्हणजे कालक्रमाचा तक्ता. इनसायडर ट्रेडिंगच्या प्रकरणात एका रकान्यात ती अप्रकाशित माहिती नेमकी केव्हा तयार झाली, दुसऱ्यात ती कुणाकडे केव्हा गेली (कंपनीचा स्ट्रक्चर्ड डिजिटल डेटाबेस, म्हणजे अशी माहिती कुणाला दिली याची नोंदवही, इथे कामी येतो), तिसऱ्यात ट्रेड लॉगमधली (व्यवहारांच्या नोंदीतली) प्रत्येक ऑर्डर वेळेसह, चौथ्यात पैसे कुठून आले. त्याआधीच्या वर्षा-दोन वर्षांची खरेदी-विक्रीही जोडा. सवयच तशी असेल तर ती तिथे दिसते.

पुराव्याचा भार कुणावर, ते नीट तपासा. अशील 'कनेक्टेड पर्सन' (पद, काम किंवा नात्यामुळे कंपनीशी जोडलेली व्यक्ती) असेल तर माहिती आपल्याकडे नव्हती हे त्यालाच दाखवावे लागते; इतरांच्या बाबतीत भार सेबीवर. नातेवाइकांबद्दल बलराम गर्ग निकाल (२०२२) उपयोगी: माहिती पोचवल्याचा ठोस पुरावा नसेल, तर नुसत्या नात्यावरून आणि व्यवहारांच्या पद्धतीवरून दोष ठरत नाही. मात्र फसव्या व्यवहारांत परिस्थितिजन्य पुरावा आणि शक्यतेचे पारडे पुरते. तिथे प्रत्येक परिच्छेदापुढे 'नाकारतो' लिहिलेले उत्तर जवळपास कोरेच.

सेबीने कारवाईला लावलेल्या विलंबाचा मुद्दा घ्या, पण एकट्या त्यावर विसंबू नका. कायद्यात ठरावीक मुदत नाही. भावेश पबारी निकालानुसार (२०१९) कसोटी वाजवी काळाची. विलंबामुळे कोणता साक्षीदार किंवा कागद हातचा गेला, ते दाखवा.

आदेश विरोधात गेला तर प्रत मिळाल्यापासून ४५ दिवसांत सॅटमध्ये (रोखे अपील न्यायाधिकरण) अपील. अपिलाने वसुली आपोआप थांबत नाही, म्हणून स्थगितीचा अर्ज सोबतच दाखल करा.