ट्रीटमेंट संपल्यावर काय बघायचं, काय नाही

आईला ब्रेस्ट कॅन्सर होता. ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं झालं आणि डॉक्टर म्हणाले आता तीन महिन्यांनी या, तेव्हा आम्ही दोघी रिक्षात गप्पच, की बास, एवढंच? तर ज्यांची सुरुवातीच्या स्टेजची ट्रीटमेंट आत्ता संपलीये त्यांच्यासाठी हे.

आधी फाईल काढा. ईआर, पीआर (गाठीवरचे हार्मोन रिसेप्टर) आणि हर टू (गाठीवरचं एक प्रोटीन) पॉझिटिव्ह की निगेटिव्ह आलंय आणि काखेतल्या किती गाठींत कॅन्सर होता ते एका कागदावर लिहून ठेवा, कारण कॅन्सर परत येण्याचा धोका किती आणि कधीपर्यंत ते बरंचसं यावरच ठरतं. ट्रिपल निगेटिव्हला (म्हणजे तिन्ही निगेटिव्ह) धोका जास्त करून पहिल्या ३ ते ५ वर्षांत. हार्मोन पॉझिटिव्हचं (ईआर किंवा पीआर पॉझिटिव्ह) तसं नाही, तो १०-१५ वर्षांनीही डोकं वर काढतो, म्हणजे ५ वर्षं झाली की पेढे वाटा, पण फॉलोअप सोडू नका.

तपासणी साधारण पहिली ३ वर्षं दर ३-६ महिन्यांनी, पुढची २ वर्षं ६-१२ महिन्यांनी, मग वर्षातून एकदा. मॅमोग्राम दरवर्षी, दुसऱ्या बाजूचाही. आणि नातेवाईक म्हणणारच, "एकदा फुल बॉडी स्कॅन करून टाका ना". काही त्रास नसेल तर दरवर्षी पेट स्कॅन (PET, पूर्ण शरीराचा स्कॅन) किंवा सीए १५-३ ही रक्ततपासणी करून आयुष्य वाढत नाही, उगाच काहीतरी संशयास्पद दिसतं आणि महिनाभर झोप उडते.

त्यापेक्षा अंगाकडे लक्ष द्या. टाक्यांजवळ, काखेत, गळ्याच्या हाडावर नवीन गाठ, कातडीवर न जाणारं लाल पुरळ, अचानक सुजलेला हात. दूर पसरला तर बहुतेक हाडं, फुप्फुस, लिव्हर, मेंदू, म्हणून एकाच जागी वाढत जाणारी हाडदुखी, खोकला-धाप, कावीळ, वजन उतरणं, डोकेदुखी आणि उलट्या. आमचा नियम सोपा, नवीन त्रास दोन आठवडे टिकला की फोन करायचा. पाठदुखीबरोबर पायातला जोर गेला किंवा लघवी कळेनाशी झाली तर मात्र त्याच दिवशी, रात्र असली तरी.

आता आई लेट्रोझोल (हार्मोन कमी करणारी गोळी) घेते आणि त्याने सांधे धरतात, मग प्रत्येक कळ उठली की पोटात गोळा. गोळीचं दुखणं सहसा दोन्ही बाजूंना, बोटं गुडघे, सकाळी जास्त आणि हिंडल्यावर कमी. एकाच हाडात, रात्री झोपेतून उठवणारं आणि रोज वाढणारं दुखणं वेगळं, ते दाखवायचंच. (पहिलंही सांगा, अंदाज बांधत घरी बसू नका.)

आणि परत आलाच तर पुन्हा बायोप्सी होईल का ते विचारा, कारण ईआर, हर टू कधीकधी बदललेलं असतं आणि औषध त्यावरच ठरतं. हाडात गेला तरी तो ब्रेस्टचाच कॅन्सर, औषधंही त्याचीच.

गोळी मात्र मनाने बंद करू नका. हार्मोन पॉझिटिव्हमध्ये ५ वर्षं टॅमॉक्सिफेन (अशीच एक हार्मोनवरची गोळी) घेतलं तर परत येण्याचा धोका जवळपास निम्मा होतो, आणि त्रास होत असेल तर डॉक्टर गोळी बदलून देतात. आई विसरायची, म्हणून पाकीट देवघरात ठेवलंय, दिवा लावला की गोळी.