साखरेऐवजी खजूर: घरी पेस्ट, पाक आणि खारकेची पूड कशी करायची

भेळेसाठी चिंच-खजुराची चटणी करताना आपण खजूर भिजवून मिक्सरला फिरवतो ना, चिंच आणि गूळ घालायच्या आधी भांड्यात जे असतं तीच खजुराची पेस्ट. म्हणजे अर्धं काम तुम्हाला आधीच येतंय. गेली दोन वर्षं आमच्या घरात साखरेचा डबा महिन्याला जेमतेम अर्धा किलोवर आलाय, पूर्वी तीन किलो लागायची, आणि त्यातलं बरंचसं काम ह्या पेस्टने केलंय, म्हणून नीट सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते कारण ह्यात लोकांची फार फसगत होते. खजूर म्हणजे शुगर-फ्री नाही. बिया काढलेल्या खजुरात साधारण 65 ते 70 टक्के साखरच असते, फक्त ती ग्लुकोज आणि फ्रुक्टोजच्या रूपात असते आणि तिच्यासोबत फळाचा चोथा म्हणजे फायबर, पोटॅशियम वगैरे असतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये साखरेबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात दिवसभराच्या एकूण उष्मांकांपैकी वरून घातलेली साखर 10 टक्क्यांच्या आत ठेवा, जमलं तर 5 टक्क्यांच्या आत, असं म्हटलंय, आणि त्या साखरेत मध, सिरप, फळांचे आटवलेले रस हे सगळं धरलंय. अख्खं फळ त्यात येत नाही. म्हणजे खजूर उकळून गाळून पाक केला की तो साखरेच्याच रांगेत जाऊन बसला. म्हणून माझा आग्रह असा की रोजच्या वापराला पेस्ट करा, चोथ्यासकट, आणि पाक फक्त जिथे पेस्ट चालतच नाही तिथे. घरात कुणाला डायबेटीस असेल तर पेस्टसुद्धा मोजूनच, आणि डॉक्टरांना विचारून.

आता खजूर कुठला घ्यायचा. काळा मऊ ओला खजूर, जो इराणहून येतो आणि अर्ध्या किलोच्या खोक्यात मिळतो, तो पेस्टला सगळ्यात चांगला, सालं पातळ असतात आणि पटकन भिजतो. पण तो फ्रीजमधलाच घ्या, बाहेर फार दिवस ठेवलेला आंबूस लागतो. दाबून वड्या केलेला, पाकिटातला लालसर खजूर स्वस्त पडतो आणि पाकाला तो उत्तम, फक्त त्यात काड्या, देठाच्या टोप्या जास्त निघतात. मेडजूल, म्हणजे मोठ्या, गरदार जातीचा खजूर, सुंदर असतो पण तो वाटून टाकायला जीव होत नाही, तो नुसताच खावा. रमजानच्या महिन्यात बाजारात ताजा माल येतो, व्हरायटी भरपूर असते, मी वर्षातली मोठी खरेदी तेव्हाच करते आणि फ्रीजरला टाकते.

खजूर कधीही अख्खा मिक्सरमध्ये टाकू नका. प्रत्येक खजूर धुवायचा, उभा फाडायचा, बी काढायची आणि आत बघायचं. बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या खजुराच्या आत कधी कधी काळी पूड असते, जाळी असते, क्वचित अळी असते. पाव किलोत एखाद-दुसरा तसा निघतोच, तो फेकायचा. देठाकडची छोटी कडक टोपी पण काढायची, ती वाटली जात नाही आणि शिऱ्यात दाताखाली कचकन येते. हे काम कंटाळवाणं आहे पण आम्ही टीव्ही बघता बघता ताट घेऊन बसतो, पंधरा मिनिटांत होतं.

माप असं. बिया काढून पाव किलो म्हणजे 250 ग्रॅम खजूर, त्यावर 200 मिली कडक गरम पाणी, झाकण ठेवून पाऊण तास. दाबून वड्या केलेला असेल तर दोन तास. बोटाने दाबल्यावर खजूर सहज चुरगळला पाहिजे, मधे घट्ट गाठ लागली तर अजून थोडा वेळ. हे भिजवलेलं पाणी अजिबात टाकायचं नाही, त्यात गोडी उतरलेली असते, त्याच पाण्यात वाटायचं. आणि इथे एक चूक मी केलेली सांगते म्हणजे तुमचा मिक्सर वाचेल, पहिल्यांदा मी पेस्ट घट्ट हवी म्हणून पाणी निथळून घेतलं आणि खजूर तसेच चटणीच्या भांड्यात घालून सलग फिरवत बसले, सगळा गोळा पात्याला चिकटून वर चढला, मोटर गरम झाली आणि मिक्सर बंदच पडला. खालचं ओव्हरलोडचं लाल बटण दाबून तो परत सुरू झाला पण त्यासाठी अर्धा तास गार व्हायची वाट बघावी लागली. तेव्हापासून आधी निम्मं पाणी, थांबत थांबत चालू-बंद करत फिरवायचं, मधे चमच्याने कडा खरवडायच्या, मग उरलेलं पाणी लागेल तसं. शेवटी पेस्ट पीनट बटरसारखी चमच्यावरून हळूच घसरली पाहिजे. सालीचे बारीक कण राहतात, ते राहू द्या.

ह्यातून साधारण 400 ते 450 ग्रॅम पेस्ट होते. एका पोह्याच्या चमच्यात, म्हणजे भरून 20 ग्रॅम पेस्टमध्ये, सुमारे 7 ग्रॅम साखर येते, साध्या साखरेच्या दीड छोट्या चमच्याएवढी. हे गणित फ्रीजवर चिकटवून ठेवा, कारण नैसर्गिक आहे म्हणून हात सैल सोडला की महिन्याअखेर आपण साखरेपेक्षा जास्त गोड खाल्लेलं असतं.

कोरड्या काचेच्या बरणीत, कोरड्या चमच्याने काढलं तर फ्रीजमध्ये दोन आठवडे छान राहते. जास्त केली असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये घालून गोठवायची आणि मग वड्या पिशवीत भरून फ्रीजरमध्ये, तीन महिने काही होत नाही, एक वडी म्हणजे एका वाटी खिरीला पुरते. वर बुडबुडे दिसले, झाकण उघडताना फस्स आवाज आला किंवा ताडीसारखा वास आला तर ती आंबलीय, चाखून बघत बसू नका, सरळ टाका.

कशात घालायची? नाचणीच्या सत्त्वात, दलियाच्या खिरीत, ओट्समध्ये, केळ्याच्या शिकरणात, मुलांच्या मिल्कशेकमध्ये बिनधास्त. खिरीत मात्र गुळासारखंच करायचं, गॅस बंद करून दोन मिनिटं थांबून मग पेस्ट घालायची, उकळत्या दुधात घातली तर दूध फाटायची भीती असते. शिऱ्यात रवा दुधा-पाण्यात पूर्ण फुलल्यावर शेवटी पेस्ट घालून एक वाफ, आधी घातली तर रवा कच्चट राहतो. एक वाटी रव्याला पाऊण वाटी पेस्ट आम्हाला पुरते, रंग चॉकलेटी येतो, पांढऱ्याशुभ्र शिऱ्याची सवय असलेले आधी नाक मुरडतात. आमच्या सासूबाईंनी पहिल्या दिवशी ताट बाजूला सारलं होतं, आता स्वतः सांगतात, अगं जरा खजूरवाला कर.

केकमध्ये एक वाटी साखरेच्या जागी एक भरून वाटी पेस्ट घ्या, आणि पेस्टमधलं पाणी लक्षात घेऊन दूध पाव वाटी कमी करा. ओव्हन नेहमीपेक्षा 10-15 डिग्री कमी ठेवा कारण फ्रुक्टोजमुळे वरचा भाग लवकर काळपट होतो आणि आत कच्चं राहतं. केक साखरेच्या केकइतका हलका फुगत नाही हे मान्य करूनच करा. लोणी-साखर फेटताना साखरेचे दाणे हवा धरून ठेवतात, पेस्टला ते जमत नाही. गाजर, केळं, अक्रोड, गव्हाचं पीठ अशा जड केकला ती अप्रतिम, स्पंजला नको.

आणि कशात नको तेही सांगते. पुरणात नको, पुरण सैल होतं आणि पोळी लाटताना फुटते, मी दोनदा करून बघितलंय. चिक्की, तिळाच्या वड्या, पाकातले रव्याचे लाडू ह्यात तर नाहीच, खजुरातली साखर गार झाल्यावर साखरेच्या किंवा गुळाच्या पाकासारखी कडक होत नाही, चिकटच राहते. संक्रांतीला तिळगूळ गुळाचाच करा.

लाडू, पंजिरी, कोरडी कणीक अशा गोष्टींना ओली पेस्ट चालत नाही तिथे आपल्याकडे आधीपासूनच एक वस्तू आहे, खारकेची पूड. बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवात आई-आज्या ती घालतच आल्यात, ते गोड करायचंच काम आहे. खारीक म्हणजे वाळवलेला खजूरच. चांगली फिकट तपकिरी, सुरकुतलेली पण जड खारीक घ्या. अडकित्त्याने उभी फोडायची, बी काढायची, आतला पांढुरका पापुद्रा खरवडायचा, मग बारीक तुकडे करून दोन दिवस कडक उन्हात. पावसाळ्यात ऊन नसेल तर कढईत मंद आचेवर दहा मिनिटं परतून पूर्ण गार करा, गरम असताना मऊ असते आणि भांड्यात गोळा होतो. गार झाली की ठक्क आवाज करत कडक होते, मग मूठ-मूठ घालून थांबत थांबत वाटायची आणि चाळायची. चाळणीवर राहिलेला जाडा भाग परत फिरवायचा. हवाबंद डब्यात दीड-दोन महिने टिकते, दमट हवेत फ्रीजमध्ये ठेवा नाहीतर दगड होतो. ही पूड चहा-कॉफीत विरघळत नाही, तळाशी बसते, तेवढं ध्यानात ठेवा. लाडवांना, गोड दशम्यांना, दह्यावर भुरभुरायला ती एकदम बेस्ट.

आता पाक. सरबत, घरची गोड चटणी, डोशावर ओतायला, अशा ठिकाणी गाळलेलं हवं असतं. इराक आणि आजूबाजूच्या अरब मुलखात हा पाक पिढ्यान्पिढ्या घरोघरी खातात, त्याला डिब्स म्हणतात, तिळाच्या ताहिनीत कालवून ब्रेडसोबत खायची पद्धत आहे. आपण तिळाचा कूट घालून भाकरीसोबत खाल्ला तर तितकाच छान लागतो.

अर्धा किलो बिया काढलेला खजूर, एक लिटर पाणी, जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर अर्धा तास. रवीने किंवा पावभाजीच्या मॅशरने चेचायचं, कोमट होऊ द्यायचं, मग धुतलेल्या सुती पंच्यातून गाळून गच्च पिळायचं. पिळायला दोघं लागतात, एकट्याने केलं तर निम्मा गर कापडातच राहतो. निघालेलं गढूळ पाणी पसरट कढईत घेऊन आटवायचं, पसरट अशासाठी की वाफ लवकर निघून जाते आणि जास्त वेळ आच लागून कडवटपणा येत नाही. सुरुवातीला मोठ्या आचेवर, वर येणारा फेस काढत, अर्ध्यावर आलं की मंद करायचं आणि मग कढईपासून हलायचं नाही, शेवटच्या पाच मिनिटांत तो झपकन खाली लागतो. थंड ताटलीत एक थेंब टाकून ताटली तिरकी करा, थेंब पाण्यासारखा पळाला तर अजून आटवा, रेंगाळत ओघळला तर गॅस बंद. कढईत तो पातळच वाटतो, गार झाल्यावर मधासारखा होतो, एकतारीची वाट बघत बसलात तर उद्या बाटलीतून बाहेरच येणार नाही. साधारण 300 मिली होतो, अर्धं लिंबू पिळलं तर चवीला उठाव येतो. उकळत्या पाण्यातून काढून वाळवलेल्या बाटलीत भरून फ्रीजमध्ये दीड-दोन महिने.

खजूर नको असेल तर मनुका. माझं माहेर तासगावकडचं, तिथे फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये बेदाण्याच्या शेडवर जाळ्यांच्या रॅकवर द्राक्षं वाळत असतात, चार किलो द्राक्षांचा जेमतेम एक किलो बेदाणा होतो, त्यामुळे त्यात गोडी किती साठलेली असते बघा. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. पेस्टसाठी पिवळाधमक बेदाणा घेऊ नका, तो रंग टिकवायला गंधकाची धुरी दिलेली असते, दम्याच्या काही लोकांना त्याचा त्रास होतो, आणि शिजवताना वासही येतो. तपकिरी किंवा काळा घ्या, कोमट पाण्यात चार तास भिजवून त्याच पद्धतीने वाटा. काळ्या मनुकेत बिया असतील तर त्या काढाव्याच लागतात, वाटल्या गेल्या की तुरट-कडू होतं. आणि ही पेस्ट दुधात घालू नका, द्राक्षाच्या आंबटपणाने दूध फाटतं, दही, चटण्या, केक ह्यात छान.

पाक गाळल्यावर पंच्यात जो चोथा राहतो तो मात्र टाकू नका, खजुरातलं बरंचसं फायबर त्यातच आहे. मी तो एका डब्यात फ्रीजरला ठेवते आणि आठवडाभरात संपवते, कणकेत मळून गोड दशम्या करते, नाहीतर भाजलेल्या शेंगदाण्याच्या कुटात चोथा आणि दोन चमचे खारकेची पूड घालून लाडू वळते. तूप लागत नाही, दाण्याचं तेल पुरतं, आणि मुलं शाळेतून आली की लाडवांचा डबा त्यांना फ्रीजच्या खालच्या कप्प्यातच लागतो, वर ठेवला तर खुर्ची ओढून काढतात.