भूकंपाच्या लहरींची वाट वहीवर कशी काढायची

मी पाटण तालुक्यात नववीला भूगोल शिकवतो. 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप आमच्या मुलांनी आजी-आजोबांकडून इतक्यांदा ऐकलाय की प्रस्तावनेची गरजच पडत नाही. आधी जमिनीतून घरघर येते, मग भांडी वाजतात, हा क्रमही त्यांना ठाऊक असतो. शिकवायला सुरुवात इथूनच करा.

घरघर प्राथमिक म्हणजे ‘पी’ लहरींची. त्या खडकाला पुढे-मागे ढकलत येतात आणि भूकवचात सेकंदाला साधारण 6 किलोमीटर धावतात. दुय्यम, ‘एस’ लहरी आडव्या हिसडतात; त्यांचा वेग साडेतीनच्या आसपास. भूकंपालेखावर आधी बारीक थरथर दिसते आणि मग एकदम मोठे हेलकावे. या दोन्हींच्या सुरुवातींमधले सेकंद मोजा नि 8 ने गुणा. उत्तर येतं ते भूकंपापर्यंतचं अंतर, किलोमीटरमध्ये. किल्लारीहून पुणं तीनशेच्या आसपास, म्हणजे फरक 35-37 सेकंदांचा. हा हिशेब काहीशे किलोमीटरपर्यंतच चालवा, पुढे लहरी खोल जातात आणि वेग बदलतो. एका भूकंपमापन केंद्रावरून फक्त अंतर कळतं, दिशा नाही. तीन केंद्रांची वर्तुळं नकाशावर काढा; ती जिथे छेदतील तिथे अपिकेंद्र, म्हणजे भूकंपाच्या उगमाच्या थेट वरची जमिनीवरची जागा.

आता खरी गंमत. 1 सेंटीमीटर म्हणजे 1000 किलोमीटर धरा. परकाराने 6.4 सेंटीमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा, ही पृथ्वी. त्याच मध्यावरून 3.5 चं दुसरं, हा गाभा. माथ्यावर ठिपका देऊन ‘कोयना’ लिहा. कोनमापक मध्यावर ठेवून 104 अंशांवर खूण करा. दोन्ही ठिकाणं पट्टीने जोडलीत तर रेघ गाभ्यापासून चारेक मिलिमीटर दूरच राहते. पण प्रावरणात, म्हणजे कवच आणि गाभा यांमधल्या जाड थरात, खोलीबरोबर पी लहरींचा वेग 8 वरून 13 च्याही पुढे जातो, त्यामुळे वाट वाकते. रेघेचं पोट खाली सोडा; ती गाभ्याला निसटती शिवून वर यायला हवी. मुलं इथे हमखास उलटी, वर फुगलेली रेघ काढतात. फिरून तपासा.

याहून खोल निघालेली पी लहर गाभ्यात शिरते. तिथे वेग पुन्हा 8 वर घसरतो, ती आत मुडपते आणि थेट 140 अंशांच्या पलीकडे उगवते. मधला पट्टा रंगवा, हा छायाप्रदेश. एस लहर तर गाभ्याच्या वेशीवरच संपते, कारण गाभ्याचा बाहेरचा भाग द्रव आहे आणि द्रवात ती चालत नाही. 1897 च्या आसाम भूकंपाच्या नोंदींत पी आणि एस वेगळ्या ओळखणाऱ्या रिचर्ड ओल्डहॅमनेच 1906 मध्ये लहरींच्या उशिरावरून गाभा असल्याचं मांडलं. पाठ्यपुस्तकाने या माणसाला एक ओळ तरी द्यायला हवी होती.

आता वर्तुळावर शहरं मांडा. लंडन कोयनेपासून सुमारे 66 अंशांवर, तिथे पी अकराव्या मिनिटाच्या आसपास पोहोचते. न्यूयॉर्क सुमारे 115 वर, म्हणजे छायेत. वर्गातल्या कुणाचा मामा न्यू जर्सीत असला की या पट्ट्यावर चर्चा रंगते! तरी तिथली यंत्रं अगदी गप्प नसतात. 1929 च्या न्यूझीलंड भूकंपाच्या छायेतल्या अशाच क्षीण नोंदींवरून डेन्मार्कच्या इंगे लेमान यांनी 1936 मध्ये आतला गाभा शोधला. त्यासाठी 1.2 सेंटीमीटरचं तिसरं वर्तुळ काढा आणि त्यातून वळणारी लहर तुटक रेघेने दाखवा.