लिनक्स सर्व्हरचा मॅक ॲड्रेस बदलताना या चुका टाळा

कार्ड जळालं, नवं बसवलं, पण सॉफ्टवेअरचं लायसन्स जुन्या मॅक ॲड्रेसला बांधलेलं आहे. किंवा व्हर्च्युअल मशिनची प्रत काढली आणि दोन्ही मशिनवर एकच मॅक आला. अशा वेळी नेटवर्क कार्डाचा हार्डवेअर पत्ता बदलावा लागतो. काम तीन ओळींचं आहे:

आयपी लिंक सेट डेव्ह ईएनपी३एस० डाउन
आयपी लिंक सेट डेव्ह ईएनपी३एस० ॲड्रेस ०२:००:००:१२:३४:५६
आयपी लिंक सेट डेव्ह ईएनपी३एस० अप

(ईएनपी३एस० हे इथल्या नेटवर्क कार्डाचं नाव आहे, तुमच्या मशिनवर ते वेगळं असू शकतं. इथे कमांड देवनागरीत दिल्या आहेत, टर्मिनलवर त्या नेहमीप्रमाणे रोमन अक्षरांत आणि रोमन आकड्यांत टाइप करा.)

या तीन ओळी क्वचितच चुकतात. घोळ होतो तो जुना पत्ता आणखी कुणाकुणाकडे नोंदलेला आहे हे न पाहिल्यामुळे. सर्व्हरवरच्या कॉन्फिग फाइल, डीएचसीपी सर्व्हर (मशिनना आयपी पत्ते वाटणारा), स्विच (मशिनच्या केबल एकत्र जोडणारा), गेटवे (बाहेरच्या नेटवर्कचं दार), हायपरव्हायझर (व्हर्च्युअल मशिन चालवणारं सॉफ्टवेअर) या प्रत्येकाकडे ती नोंद असू शकते, आणि प्रत्येकाचं बिघडण्याचं लक्षण वेगळं असतं. म्हणून कशालाही हात लावण्याआधी सध्याचा पत्ता आणि कार्डाचा मूळ पत्ता दोन्ही लिहून ठेवा. सध्याचा पत्ता ‘आयपी लिंक शो’मध्ये दिसतो. मूळ पत्ता ‘इथटूल -पी ईएनपी३एस०’ देतो. यातला पी कॅपिटल हवा, कारण छोट्या पीचं काम कार्डाचा दिवा लुकलुकवण्याचं आहे.

एसएसएचवर बसून पहिली ओळ चालवणं

एसएसएच म्हणजे नेटवर्कवरून दूरच्या सर्व्हरवर काम करणं; कार्ड डाउन केलं की तो संपर्क त्याच क्षणी तुटतो. दुसरी ओळ टाइप करायची संधीच मिळत नाही आणि सर्व्हरपर्यंत चालत जावं लागतं. तिन्ही कमांड एका स्क्रिप्टमध्ये घालून एकदम चालवा. कमांडींमध्ये अर्धविराम वापरा, दोन अँपरसँड वापरू नका. मधली कमांड फसली तरी शेवटची ‘अप’ चाललीच पाहिजे.

एवढ्यावर भागत नाही. कार्ड डाउन झालं की कर्नल (लिनक्सचा गाभा) त्या कार्डावरचे रूट, म्हणजे पॅकेट कुठल्या वाटेने पाठवायचं याच्या नोंदी, काढून टाकतो. परत अप केल्यावर आयपीव्ही४चा पत्ता जागेवर असतो आणि स्वतःच्या सबनेटचा (आपल्याच छोट्या नेटवर्कचा) रूटही येतो, पण डीफॉल्ट रूट, म्हणजे बाहेर जायची वाट, आपोआप परत येत नाही. त्यामुळे शेजारच्या मशिनवरून पिंग लागतो आणि बाहेरून मात्र सर्व्हर मेल्यासारखा वाटतो. लोक मग मॅकमध्येच चूक शोधत बसतात. स्क्रिप्टच्या शेवटी ‘आयपी रूट ॲड डीफॉल्ट व्हाया’ आणि तुमच्या गेटवेचा आयपी ही ओळ टाका, हाताने घातलेले इतर रूट असतील तर तेही. आयपीव्ही६ची गत आणखी वाईट: कार्ड डाउन होताच त्याचे पत्तेसुद्धा पुसले जातात. स्थिर आयपीव्ही६ पत्ता वापरत असाल तर तो पुन्हा घालावा लागतो.

परतीची वाट आधीच बांधून ठेवा. जुना मॅक आणि रूट परत लावणारी छोटी स्क्रिप्ट लिहा आणि ती ‘सिस्टमडी-रन --ऑन-ॲक्टिव्ह=३००’ला द्या. ३०० सेकंदांनी ती आपोआप चालेल. सगळं नीट झालं तर तेवढ्या वेळात तो टायमर थांबवायचा. सर्व्हरला आयपीएमआय (ऑपरेटिंग सिस्टिमशिवाय सर्व्हर दुरून हाताळण्याची सोय) किंवा व्हर्च्युअल कन्सोल असेल तर तिथूनच काम करणं सगळ्यात बरं, आणि कन्सोलचा पासवर्ड चालतो का हे आधी तपासा.

मनाला येईल तो पत्ता टाकणं

मॅक ॲड्रेस ४८ बिटांचा असतो, म्हणजे १२ हेक्स अक्षरं. पहिल्या ऑक्टेटच्या (८ बिटांच्या गटाच्या) शेवटच्या दोन बिटांना विशेष अर्थ आहे. सगळ्यात खालचा बिट १ असेल तर तो मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेक मशिनसाठीचा) पत्ता ठरतो, आणि एखाद्या कार्डाला असा पत्ता देताच येत नाही. कर्नल ‘कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड ॲड्रेस’ म्हणून नकार देतो. रँडम आकडे घेऊन पत्ते बनवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये हा दोष नेहमी सापडतो: हा बिट तपासला नाही तर सरासरी अर्धे पत्ते बाद होतात. त्याच्या वरचा बिट १ असला की पत्ता स्थानिक पातळीवर दिलेला मानला जातो. तो ० असेल तर पहिले तीन ऑक्टेट आयट्रिपलई या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने एखाद्या उत्पादकाला दिलेले असतात.

नियम सोपा ठेवा. नवा पत्ता बनवताना दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई यांपैकीच असावं. ०२ने सुरू होणारा पत्ता कुठेही चालतो. जळालेल्या कार्डाचा पत्ता नव्या कार्डाला देणंही ठीक, फक्त ते जुनं कार्ड दुसऱ्या मशिनमध्ये बसवून त्याच नेटवर्कवर लावू नका.

बाकीचे एरर पटकन ओळखता येतात. ‘डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी’ म्हणजे कार्ड अजून अप आहे आणि त्याचा ड्रायव्हर चालू कार्डावर बदल करू देत नाही. ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ आलं तर रूटचे, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्याचे, अधिकार नाहीत; कंटेनरमध्ये हे हमखास दिसतं. ‘ऑपरेशन नॉट सपोर्टेड’ आलं तर ड्रायव्हरमध्ये ही सोयच नाही, तिथे हट्ट करून उपयोग नाही.

बदल कायमचा झाला असं समजणं

‘आयपी’ कमांडने केलेला बदल रिबूटपर्यंतच टिकतो. कायमचा करायचा तर आधी या मशिनवर नेटवर्क नक्की कोण सांभाळतंय ते शोधा. ‘एनएमसीएलआय डिव्हाइस स्टेटस’ ही नेटवर्कमॅनेजरची आणि ‘नेटवर्कसीटीएल’ ही सिस्टमडी-नेटवर्कडीची, अशा दोन कमांड ते सांगतात. एकाच कार्डावर दोघांचा ताबा असेल तर तो गोंधळ आधी मिटवा.

नेटवर्कमॅनेजरमध्ये सगळ्यात जास्त फसवणारी जागा म्हणजे दोन सारखी दिसणारी नावं. ‘८०२-३-इथरनेट.मॅक-ॲड्रेस’ हा गुणधर्म पत्ता बदलत नाही. हे कनेक्शन फक्त अमुक मूळ पत्त्याच्या कार्डावरच लावा, अशी ती अट आहे. तिथे नवा पत्ता लिहिला की त्या पत्त्याचं कार्ड मशिनमध्ये सापडतच नाही, आणि कनेक्शनसाठी योग्य डिव्हाइस नाही असा संदेश येऊन नेटवर्क बंद पडतं. पत्ता बदलायचा तो ‘क्लोन्ड-मॅक-ॲड्रेस’मध्ये. मग ‘एनएमसीएलआय कनेक्शन अप’ करून ते कनेक्शन पुन्हा चालू करायचं. रेड हॅटच्या जुन्या आयएफसीएफजी फाइलमध्ये हीच जोडी ‘एचडब्ल्यूॲड्र’ आणि ‘मॅकॲड्र’ या नावांनी येते: पहिलं ओळखण्यासाठी, दुसरं बदलण्यासाठी.

नेटप्लॅनमध्येही (उबुंटूची नेटवर्क कॉन्फिग लिहिण्याची पद्धत) ‘मॅकॲड्रेस’ दोन ठिकाणी येतो. ‘मॅच’च्या आतला कार्ड ओळखतो, बाहेरचा नवा पत्ता लावतो. नेटप्लॅनखाली प्रत्यक्ष काम नेटवर्कडी करत असेल आणि कार्ड फक्त नावाने ओळखलं असेल तर हा बदल भरवशाने लागत नाही; म्हणून ‘मॅच’मध्ये मूळ मॅक द्याच. ‘नेटप्लॅन अप्लाय’ऐवजी ‘नेटप्लॅन ट्राय’ वापरा. १२० सेकंदांत तुम्ही होकार दिला नाही तर ते जुनं कॉन्फिग परत आणायचा प्रयत्न करतं. आणि क्लाउड-इनिट (पहिल्या बूटला मशिनची मांडणी आपोआप करणारं सॉफ्टवेअर) चालू असेल तर त्याने बनवलेली फाइल हाताने बदलू नका, ती पुन्हा लिहिली जाऊ शकते. आधी त्याचं नेटवर्क कॉन्फिग बंद करा.

सिस्टमडीच्या ‘.लिंक’ फाइलचा मार्ग स्वच्छ आहे, पण त्यात एक खड्डा आहे. एका कार्डाला जुळणाऱ्या फाइलींपैकी फक्त पहिलीच लागू होते. कार्डाला ईएनपी३एस० असं नाव देणारा ‘नेमपॉलिसी’चा नियम ९९-डीफॉल्ट या फाइलमध्ये असतो. तुम्ही १०-लॅन नावाची फाइल बनवून त्यात फक्त मॅक लिहिलात, तर ९९ची फाइल वाचलीच जात नाही आणि रिबूटनंतर कार्ड ईथ० नावाने उभं राहतं. बाकीचं कॉन्फिग ईएनपी३एस० शोधत असतं, त्यामुळे आयपी लागत नाही. आपल्या फाइलच्या ‘लिंक’ विभागात ‘नेमपॉलिसी’ची ओळ ९९-डीफॉल्टमधून जशीच्या तशी उचलून घाला, किंवा ‘नेम’ने नाव स्वतः द्या. ‘मॅच’मध्ये ‘पर्मनंटमॅकॲड्रेस’ वापरा. साधं ‘मॅकॲड्रेस’ चालू पत्त्याशी जुळवतं, आणि एकदा पत्ता बदलला की तुमचाच नियम पुढच्या वेळी जुळत नाही. शिवाय ‘.लिंक’ फाइल इनिटरॅमएफएसमध्येही (बूटच्या सुरुवातीला वापरली जाणारी छोटी फाइल सिस्टिम) जाते. बदल केल्यावर डेबियन-उबुंटूवर ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -यू’ आणि रेड हॅट घराण्यात ‘ड्रॅकट -एफ’ चालवा, नाहीतर बूटच्या सुरुवातीला जुनाच नियम लागतो.

डेबियनच्या जुन्या पद्धतीत, म्हणजे ‘इंटरफेसेस’ फाइलमध्ये, ‘एचडब्ल्यूॲड्रेस’ ही एक ओळ पुरते.

स्विच आणि गेटवेला विसरणं

सर्व्हरवर नवा पत्ता दिसतोय, लिंक अप आहे, तरी पिंग नाही. इथे पहिला संशय गेटवेच्या एआरपी नोंदीवर (कुठल्या आयपीचा मॅक कुठला ही नोंद) घ्या. तुमच्या आयपीसमोर त्याने जुना मॅक लिहून ठेवलेला असतो. लिनक्सची मशिन अशी नोंद लवकर तपासून पाहतात, पण सिस्कोच्या राउटरवर ती डीफॉल्टने ४ तास राहते. ‘आरपिंग -यू -सी ३ -आय ईएनपी३एस०’ आणि पुढे स्वतःचा आयपी, अशी कमांड दिली की सर्व्हर आपला नवा पत्ता न विचारता सगळ्यांना कळवतो. इथलाही यू कॅपिटल आहे. सी आणि आय मात्र छोटा सी आणि कॅपिटल आय. हे आपोआप व्हावं असं वाटत असेल तर त्या कार्डासाठी ‘एआरपी_नोटिफाय’ हे सिसकंट्रोल (कर्नलची सेटिंग) १ करा; ते डीफॉल्टने ० असतं.

स्विचवर पोर्ट सिक्युरिटी असेल तर प्रकरण वेगळं. अनोळखी मॅक दिसला की पोर्ट बंद होऊ शकतो, आणि मग जुना पत्ता परत लावूनही तो उघडत नाही. स्विचवर जाऊनच उघडावा लागतो. नेटवर्क सांभाळणाऱ्यांना आधी कळवा.

एकाच व्हीलॅनमध्ये (स्विचवर आखलेल्या एका नेटवर्कमध्ये) दोन मशिनना एकच मॅक असेल तर लक्षण फार दिशाभूल करणारं असतं. काही पॅकेट येतात, काही गायब होतात, केबल खराब असल्यासारखं वाटतं. स्विचच्या लॉगमध्ये तोच मॅक दोन पोर्टमध्ये उड्या मारताना दिसला की शोध संपला.

डीएचसीपी फक्त मॅकच पाहतो हा समज

मॅक बदलला की रिझर्व्हेशन (त्या मॅकसाठी राखून ठेवलेला आयपी) सुटतं आणि वेगळा आयपी मिळतो, हे बहुतेकांना माहीत असतं. उलट बाजू कमी माहीत आहे. सिस्टमडी-नेटवर्कडी डीएचसीपीला स्वतःची ओळख मशिन-आयडीवरून बनवलेल्या डीयूआयडीने देतं. एकाच प्रतीतून निघालेल्या दोन व्हर्च्युअल मशिनचा मशिन-आयडी सारखा असेल, तर मॅक वेगवेगळे असूनही दोघींना एकच आयपी मिळू शकतो. मॅक कितीही वेळा बदला, हा तिढा सुटत नाही. प्रत काढण्याआधी मूळ मशिनमधली ‘/ईटीसी/मशिन-आयडी’ फाइल रिकामी करा (पुसू नका, रिकामी ठेवा), किंवा नेटप्लॅनमध्ये ‘डीएचसीपी-आयडेंटिफायर: मॅक’ लिहा.

व्हर्च्युअल मशिनच्या आतून पत्ता बदलणं

गेस्टमध्ये कमांड एररशिवाय चालते, पण पॅकेट बाहेर पडत नाहीत, कारण हायपरव्हायझर दिलेल्या मॅकखेरीज दुसऱ्या पत्त्याने आलेलं पॅकेट टाकून देऊ शकतो. व्हीएमवेअरमध्ये यासाठी ‘मॅक ॲड्रेस चेंजेस’ आणि ‘फोर्ज्ड ट्रान्समिट्स’ या दोन सेटिंग आहेत. केव्हीएमवर (लिनक्सचा हायपरव्हायझर) मॅकव्हीटॅप प्रकारची जोडणी असेल तर लिबव्हर्टमध्ये (व्हर्च्युअल मशिन सांभाळणारं सॉफ्टवेअर) ‘ट्रस्टगेस्टआरएक्सफिल्टर्स’ चालू असावं लागतं. सुरक्षा सैल करण्यापेक्षा पत्ता मशिनच्या व्याख्येतच बदला: ‘व्हिर्श एडिट’ उघडा, मॅकची ओळ सुधारा, मशिन पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा. आतून रिबूट केल्याने नवी व्याख्या लागू होत नाही.

बाँड आणि ब्रिज

बाँडमध्ये (अनेक कार्डं मिळून बनवलेलं एक कार्ड) सामील कार्डाचा पत्ता बदलू नका. बाँड आपला पत्ता सगळ्या कार्डांवर चढवतो, म्हणून बदल बाँडवरच करायचा. कार्डांचे मूळ पत्ते ‘/प्रोक/नेट/बाँडिंग’मध्ये दिसतात. ब्रिजचा (सॉफ्टवेअरमधल्या स्विचचा) पत्ता ठरवून दिला नसेल तर तो त्याच्या पोर्टांपैकी सगळ्यात लहान मॅक उचलतो. म्हणजे एका कार्डाचा पत्ता बदलला किंवा नवं पोर्ट जोडलं की ब्रिजचा पत्ताही नकळत बदलू शकतो, आणि सर्व्हरचा आयपी बहुधा ब्रिजवरच असतो. ब्रिजला पत्ता स्पष्ट लिहून द्या.

कार्डाच्या चिपमध्येच पत्ता लिहायला जाणं

वर सांगितलेला प्रत्येक बदल ऑपरेटिंग सिस्टिमपुरता आहे. पीएक्सई बूट (नेटवर्कवरून बूट होणं) मूळ पत्त्यावरच चालतं आणि वेक-ऑन-लॅनही (नेटवर्कवरून मशिन जागं करणं) बहुधा त्यावरच, तेव्हा त्यांच्या नोंदी मूळ मॅकवरच ठेवा. एवढ्यासाठी काही जण ‘इथटूल -ई’ने (इथला ई कॅपिटल) कार्डाच्या ईईप्रॉममध्ये, म्हणजे कायमच्या मेमरीत, लिहायला जातात. तिथे पत्त्यासोबत चेकसम आणि कार्डाची इतर सेटिंग असतात. एक बाइट चुकला की ड्रायव्हर कार्ड ओळखायलाच नकार देऊ शकतो. २००८ मध्ये लिनक्स २.६.२७च्या चाचणी आवृत्त्यांमधल्या एका दोषामुळे इंटेलच्या ई१०००ई कार्डांची हीच मेमरी बिघडली होती आणि कार्डं निकामी झाली होती. चालू सर्व्हरवर हा प्रयोग करू नका.

काम झाल्यावर तपासणी दुसऱ्या मशिनवरून करा. त्याच सबनेटमधल्या मशिनवर ‘टीसीपीडंप -ई -एन’ लावून सर्व्हरला पिंग करा. उत्तराच्या पॅकेटमध्ये नवा मॅक दिसला पाहिजे, आणि ‘आयपी नेबर’मध्येही तोच. मग सर्व्हर एकदा रिबूट करून हीच तपासणी पुन्हा करा, आणि ती कन्सोलपाशी कुणीतरी असताना करा.